कोरीनची भूमिका

मिस डेलिया आठवड्यातून दोन दिवस आजारी पडायची. सोमवारी पित्ताशय, गुरुवारी गुडघा. मधूनच कधी साखर वाढायची, तर कधी पाठीत उसण भरायची. सकाळी नऊच्या आत ती उत्तर नॅशव्हिलमधल्या मेडिकल कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर हजर व्हायची, आपला ब्लाऊज नीट घडी करून खुर्चीवर ठेवायची, मागे नाड्या असलेला निळा झगा अंगात चढवायची आणि तपासणीच्या टेबलावर बसून कण्हायला सुरुवात करायची. मग दारावर टकटक व्हायची आणि पांढऱ्या कोटातलं एखादं घाबरलेलं पोर आत यायचं. त्याला चौदा मिनिटं मिळायची. तेवढ्यात काय होतंय ते विचारायचं, तपासायचं आणि पुढे काय करणार ते सांगायचं. भोंगा वाजला की मिस डेलिया टुणकन खाली उतरायची, चष्मा लावायची आणि डॉक्टर म्हणून तू कसा होतास हे त्या पोराला तोंडावर सांगायची.

हा शेवटचा भाग तिला फार आवडायचा. एक मुलगी सगळा वेळ संगणकात बघून टाईप करत बसली होती. तिला मिस डेलिया म्हणाली, "पोरी, डोळे मिट आणि सांग, माझ्या अंगातला झगा कुठल्या रंगाचा आहे?" मुलीला सांगता आलं नाही. पुढच्या वेळी ती आली तेव्हा तिने संगणक भिंतीकडे वळवून ठेवला होता.

तिचं पूर्ण नाव अर्डेलिया क्रचर, पण वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी मिस लावायची तिथली रीत. एकोणतीस वर्षं तिने शाळेची पिवळी बस चालवली होती. पासष्ट पोरांना आरशातून नुसत्या नजरेने गप्प बसवायची तिची ख्याती होती. निवृत्त झाल्यावर चार महिने तिने घरातल्या सगळ्या खिडक्या पुसल्या, मग पुन्हा पुसल्या. अशात एका रविवारी चर्चमध्ये सूचना वाचून दाखवली गेली, की कॉलेजला रोग्याचं सोंग घेणारी माणसं हवी आहेत. बाकावरच्या बायका तिच्याकडे बघून हसल्या. सोंगात तिचा हात कोण धरणार होतं?

ते कॉलेज तिला परकं नव्हतंच. ज्या काळात काळ्या मुलांना दुसरं कुठलंही मेडिकल कॉलेज दारात उभं करत नव्हतं, त्या काळात ते उभं राहिलं. डेलियाच्या जन्माच्या वेळी धावून आलेला डॉक्टर तिथलाच, तिच्या आईला मूठमाती द्यायला आलेला डॉक्टरही तिथलाच. आता तिथे सगळ्या रंगांची, सगळ्या मुलखांची पोरं येत होती. कुणी मिसिसिपीच्या कापसाच्या गावातून, कुणी लागोसहून, कुणी अलाबामातल्या मोबाईल नावाच्या बंदरावर कोळंबी पकडणाऱ्या व्हिएतनामी घरातून. पण कॉलेजचा हट्ट जुनाच होता: जिथे डॉक्टर जात नाहीत तिथे जातील असे डॉक्टर घडवायचे.

सोंगाड्यांच्या या खात्याच्या प्रमुख होत्या डॉ. बर्डसाँग. ठेंगण्या, मृदू आवाजाच्या, आणि एकदा मनात घेतलं की न हलणाऱ्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी आपल्या सगळ्या रोग्यांना, म्हणजे चौदा जणांना, चहाला बोलावलं आणि सांगितलं की तिसऱ्या वर्षाची परीक्षा बदलायची आहे. आजवर वापरलेल्या रोग्यांच्या कथा बाहेरून विकत आणलेल्या होत्या. त्यातली माणसं आपल्याकडच्या माणसांसारखी बोलत नव्हती. त्यांना कुठे दुखतं ते बरोब्बर सांगता यायचं, आकड्यात सांगता यायचं.

"आपल्या घरात असं कुणी बोलतं का?" बाई म्हणाल्या. "मला तुमच्या घरातलं एखादं माणूस द्या. ज्याचं ऐकून घ्यायला हवं होतं आणि घेतलं गेलं नाही, असं."

एकेक जण बोलू लागला. हॉबर्ट लाईल नावाचे म्हातारे न्हावी आपल्या भावाबद्दल बोलले. चहा गार होईपर्यंत सगळे बोलले, फक्त मिस डेलिया गप्प राहिली. ती गप्प आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं, कारण तसं कधी होत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच तिने बाईंना फोन केला आणि म्हणाली, माझी बहीण घ्या.

कोरीन तिच्याहून दोन वर्षांनी धाकटी. शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण होती. नऊ वर्षांपूर्वी एका मंगळवारी, कसंतरी होतंय म्हणून ती शहरातल्या एका दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत गेली. तिथल्या तरुण डॉक्टरने छातीत दुखतं का विचारलं. ती नाही म्हणाली. त्याने ॲसिडिटीची गोळी दिली आणि जरा ताण कमी घ्या म्हणून सांगितलं. शुक्रवारी ती पुन्हा गेली. दुसरा डॉक्टर होता, गोळी तीच होती. रविवारी सकाळी चर्चसाठी कपडे करताना कोरीन पलंगाच्या काठावर बसली ती उठलीच नाही. हृदयाचा झटका होता, आणि तो आठवडाभर दारात उभा होता. तेव्हा ती पंचावन्न वर्षांची होती.

डॉ. बर्डसाँगनी सगळं लिहून घेतलं आणि आठवड्याभरात कथेचा कच्चा मसुदा तयार केला. मिस डेलियाने तो वाचला आणि लाल पेन मागितलं. 'छातीवर दाब जाणवतो' या वाक्यावर तिने काट मारली. कोरीन असं बोलणारच नाही, ती म्हणाली. कोरीन म्हणेल, ब्रेसियर आवळल्यासारखी वाटतेय. 'रोगी चिंतेत दिसतो' यावरही काट. कोरीन हसत असे. डॉक्टरला आपल्यामुळे त्रास होतोय असं वाटून ती त्यालाच हसवायला बघत असे.

कॉलेजातले हृदयविकारांचे प्राध्यापक डॉ. व्हेनेबल मसुदा तपासायला आले. उंच, पांढऱ्या दाढीचे, वर्गात ज्यांचा खडू खाली पडला तरी कुणी उचलायला धजत नसे असे गृहस्थ. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि मान हलवली. ही परीक्षा न्याय्य नाही, त्यांचं म्हणणं पडलं. छातीत दुखतं का असं विद्यार्थी विचारणार, रोगी नाही म्हणणार. मग त्याने ओळखायचं कसं? रोग्यानेच लपवलं तर विद्यार्थ्याचा दोष काय?

"ती लपवत नव्हती, डॉक्टर," मिस डेलिया म्हणाली. "तिला विचारलं दुखतं का. दुखत नव्हतं. दुसरं काही तिला कुणी विचारलंच नाही."

डॉ. व्हेनेबलनी कागद पुन्हा पुढे ओढला. शेवटी तोड निघाली ती अशी: योग्य प्रश्न आला तर कोरीनने खरं सांगायचं, एका शब्दानेही टाळायचं नाही. पण न विचारता काही सांगायचं नाही. विद्यार्थी उत्तीर्ण कधी? त्याने ईसीजी आणि रक्ततपासणी सांगितली आणि तिला घरी पाठवलं नाही तर. कागदावर सही करताना व्हेनेबल म्हणाले की शंभरातली दहा पोरं पास झाली तरी मी तुमच्यापुढे मानाने टोपी काढेन.

आता एकच परवानगी उरली होती. कोरीनची मुलगी रोशेल टपाल खात्यात होती. चौतिशीची, मावशीसारखीच तिखट. शनिवारी मिस डेलिया तिच्याकडे गेली, कोबी आणि मक्याची भाकरी घेऊन, आणि भीत भीत विषय काढला. रोशेलने भांडी विसळून संपवली. मग पाठमोरीच म्हणाली, करून दाखव.

मिस डेलियाने खुर्चीवर बसून करून दाखवलं. रोशेल वळून बघत होती. शेवटी तिने हात पुसले.

"आईचं हसू चुकतंय तुझं," ती म्हणाली. "तू पोटातून हसतेस. ती नाकातून हसायची, आणि हसताना समोरच्याच्या हाताला हात लावायची."

मग दोघींनी ते हसू बसवलं. स्वयंपाकघरात समोरासमोर बसून, एकमेकींच्या हाताला हात लावत, दहादा, वीसदा. एकविसाव्या वेळेला दोघींनाही खरंच हसू फुटलं. जेवण कधीच गार झालं होतं.

परीक्षा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. तीन दिवस, रोज बारा विद्यार्थी. आपण काय बघितलं हे बाहेर कुणाला सांगणार नाही असं प्रत्येकाकडून लिहून घेतलं होतं. पहिल्या दिवशी मिस डेलियाला सकाळचा नाश्ता गेला नाही. बस चालवायच्या पहिल्या दिवशीही ती इतकी धास्तावली नव्हती. खोलीच्या छताला कॅमेरा होता आणि पलीकडच्या खोलीत पडद्यापुढे डॉ. बर्डसाँग आणि डॉ. व्हेनेबल बसले होते.

पहिला आला प्रेस्टन यारब्रो. अटलांटाच्या डॉक्टर घराण्यातला, वर्गात पहिला येणारा. शांत आवाज, स्वच्छ नखं. त्याने सगळे प्रश्न क्रमाने विचारले. ताप? उलटी? छातीत दुखतं? कोरीन म्हणाली, नाही रे बाबा, दुखत नाही, आणि त्याच्या हाताला हात लावून नाकातून हसली. तोही हसला. पोट तपासलं, ॲसिडिटीची गोळी लिहून दिली, आणि दारातून वळून म्हणाला की जरा ताण कमी घ्या.

नऊ वर्षांनी तेच शब्द पुन्हा मिस डेलियाच्या कानावर पडले. या पोराला ते कुणी शिकवले नव्हते. ते जणू हवेतच होते. दुसरी मुलगी आली, तिने रक्तदाब दोनदा मोजला आणि घरी पाठवलं. तिसऱ्याने, चौथ्याने, पाचवीने, सहाव्याने घरीच पाठवलं. जेवणाच्या सुट्टीत डॉ. बर्डसाँग तिच्याजवळ येऊन बसल्या. थांबायचं का, त्यांनी विचारलं. मिस डेलियाने सँडविचचा कागद चुरगळला आणि सांगितलं की माझ्या बसमधून मी कधी कुणाला अर्ध्या रस्त्यात उतरवलेलं नाही.

सातवी होती जलिसा स्टोव्हॉल. रुंद खांद्यांची, हळू चालणारी मुलगी. अभ्यासात मधली. आत येऊन तिने हात धुतले, कोपऱ्यातलं स्टूल पायाने ओढलं आणि बसली. आधीचे सहाही जण उभे होते.

"मिस कोरीन, तुम्ही काम काय करता?"

"शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. चारशे पोरं जेवतात माझ्या हातचं."

"आज काय केलं होतंत?"

"मॅकरोनी आणि चीज."

"म्हणजे ते मोठे ट्रे. वीस पौंडांचे तरी असतील. भट्टीतून तुम्हीच काढता?"

या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहिलेलं होतं, पण तो कुणी विचारेल असं मिस डेलियाला वाटलं नव्हतं.

"काढायची. या आठवड्यात दुसरी बाई काढते."

"का बरं?"

"हात भरून येतात गं. जरा दम लागतो. वय झालं, दुसरं काय." आणि कोरीन नाकातून हसली, मुलीच्या हाताला हात लावला.

मुलगी हसली नाही. तिने तो हात तसाच धरून ठेवला.

"मागच्या आठवड्यात सहज जमत होतं आणि आता जमत नाही, असं आणखी काय काय आहे?"

"चर्चच्या पायऱ्या. आठच आहेत. परवा मध्येच थांबले. लोकांना वाटलं मी टोपी सावरतेय."

"थांबलात तेव्हा इथे कसं वाटलं?" मुलीने स्वतःच्या छातीवर तळहात ठेवला.

"दुखलं नाही, पोरी. ब्रेसियर आवळल्यासारखं. आणि इथे जबड्यात काहीतरी."

पलीकडच्या खोलीत, डॉ. बर्डसाँगनी नंतर सांगितलं, व्हेनेबल खुर्चीतून उठून पडद्याच्या इतके जवळ गेले होते की त्यांना काही दिसेना. इकडे जलिसा उभी राहिली.

"मिस कोरीन, मी आज तुम्हाला घरी पाठवणार नाही. आत्ता लगेच ईसीजी काढायचाय, रक्त तपासायचंय. हे हृदयाचं असू शकतं. मी इथेच आहे. घरी कुणाला फोन करू?"

हा शेवटचा प्रश्न कुणाच्याच कागदावर नव्हता. मिस डेलियाने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "माझ्या बहिणीला." मग तिचे डोळे भरून आले. ती कोरीन असताना रडायचं ठरलेलं नव्हतं. भोंगा वाजला तरी दोघी तशाच हात धरून बसल्या होत्या.

नियमाप्रमाणे आता तिने मार्क सांगायचे होते. त्याऐवजी तिने विचारलं, हे ट्रेचं तुला कुठून सुचलं? जलिसा ओशाळली. कॉलेजात यायच्या आधी ती मिसिसिपीत चार वर्षं एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला होती. "ते ट्रे मी उचललेत, मॅडम. तिथे कुणी कधी सांगत नाही की मला दुखतंय. सांगतात, आज तू उचल."

त्या दिवशी उरलेल्या पाच जणांतल्या तिघांनी कोरीनला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी बारातल्या पाचांनी. तिसऱ्या दिवशी सुट्टी काढून रोशेलही पलीकडच्या खोलीत येऊन बसली, आणि बारातल्या सातांनी ठेवून घेतलं. कुणी जिन्याचं विचारून तिथे पोचलं, कुणी कपडे धुण्याचं विचारून, एकाने तर नुसतं विचारलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतंय हे काय असावं? प्रत्येक वेळी ती वाट सापडली की मिस डेलियाच्या अंगावर काटा यायचा. चुकलेल्या प्रत्येकाबरोबर मात्र ती थकत गेली, हेही खरं. छत्तीसपैकी सोळा. वीस जणांनी तिच्या बहिणीला घरी पाठवलं होतं.

डॉ. व्हेनेबल संध्याकाळी तिच्या खोलीत आले. डोक्यावर टोपी नव्हतीच, म्हणून त्यांनी चष्मा काढला. हृदयविकारांचं त्यांचं पहिलं व्याख्यान जानेवारीत असायचं. त्यात माझ्या आधी तुम्ही बोला, ते म्हणाले. किती वेळ, तिने विचारलं. तुम्ही थांबेपर्यंत, ते म्हणाले. एवढ्या वर्षांत हे वाक्य तिला कुठल्या पुरुषाने ऐकवलं नव्हतं, आणि तसं तिने त्यांना सांगितलंही.

वीस जणांतला प्रेस्टन यारब्रो स्वतःहून तिला शोधत आला. तो चिडलेला होता. तुम्ही दुखत नाही म्हणालात, तो म्हणाला. मी विचारलं होतं. ती म्हणाली, विचारलंस खरं. मग तिने त्याला बसवलं आणि कोरीन कोण होती ते सगळं सांगितलं. कॉलेजने विद्यार्थ्यांना ते सांगितलं नव्हतं. पोराचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्याने विचारलं, मी त्या डॉक्टरसारखाच वाटलो का?

"तू त्याच्यापेक्षा गोड होतास," मिस डेलिया म्हणाली. "म्हणून मला जास्त भीती वाटली."

तो रडला नाही. त्याने वही काढली आणि विचारलं की आणखी कुठले प्रश्न विचारता आले असते. ती दोघं तासभर बसली. पुढच्या आठवड्यात तो आणखी चौघांना घेऊन आला, आणि मग ती दर बुधवारची बैठकच झाली. बायका दमल्याचं कसं सांगतात, पुरुष कसं सांगत नाहीत, म्हातारी माणसं डॉक्टरला खूश ठेवायला काय काय खोटं बोलतात. जलिसा स्टोव्हॉलही येऊ लागली. मोबाईल बंदरावरची व्हिएतनामी मुलगी म्हणाली, आमच्या आजीला वारं भरतं असं ती म्हणते, त्याचा अर्थ मलाच अजून लागलेला नाही. सगळे हसले आणि मग सगळ्यांनी तेही लिहून घेतलं.

डिसेंबरात त्या विसांची परीक्षा पुन्हा झाली. कोरीन आता त्यांना ठाऊक होती, म्हणून या वेळी कथा हॉबर्ट लाईल यांच्या भावाची होती आणि टेबलावर स्वतः लाईल होते. मिस डेलिया पलीकडच्या खोलीत पडद्यापुढे बसली, मुठी आवळून, ओरडायची बंदी असलेल्या सामन्याला बसल्यासारखी. यारब्रो आत आला. त्याने हात धुतले, स्टूल ओढलं, बसला आणि विचारलं, "मिस्टर लाईल, सकाळपासूनचा दिवस कसा गेला, सांगा." मिस डेलियाने डॉ. व्हेनेबलांच्या पाठीत असा गुद्दा घातला की त्यांच्या हातातला चहा सांडला. विसातले अठरा पास झाले. उरलेल्या दोघांना तिने ताबडतोब बुधवारचा निरोप धाडला.

वसंतात दुसऱ्या तीन कॉलेजांनी कोरीनची कथा मागून घेतली, आणि डॉ. बर्डसाँग नव्या कथेच्या मागे लागल्या. या वेळी होती एक बाळंतीण, डोकं दुखतंय म्हणून सांगणारी, जिला सगळे झोप काढ म्हणतात आणि जिचा रक्तदाब कुणीच मोजत नाही. मिस डेलियाने सदुसष्टाव्या वर्षी बाळंतीण व्हायला नकार दिला आणि रोशेलचं नाव सुचवलं. रोशेल म्हणाली, मला सोंग येत नाही. मावशी म्हणाली, तुला येत नसेल तर आपल्या घराण्यात कुणालाच येत नाही.

पहिल्या तालमीला दोघी रोशेलच्या गाडीतून निघाल्या. दहा मिनिटं उशीर झाला होता, आणि मांडीवर पसरलेल्या कागदावर मिस डेलिया लाल पेनाने काट मारत होती.

"'डोकं जड वाटतं' असं नाही म्हणणार मी," रोशेल सिग्नलला थांबत म्हणाली. "मी म्हणेन, दिव्याकडे बघवत नाही."

"मग ते त्यांनी विचारल्यावर सांगायचं."

"आणि नाही विचारलं तर?"

"विचारतील गं," मिस डेलिया म्हणाली, आणि पुढचं पान उलटलं. "हिरवा लागलाय, चल."